सपाटावर धावते, चढावर दम टाकते

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"नमस्कार. आम्ही अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पीचट्री सिटीत राहतो. इथे गोल्फ कार्टसाठी गावभर वेगळे रस्ते आहेत. मुलांची शाळा, वाणसामान, तळ्यावरची चक्कर, सगळं कार्टनेच होतं. मागच्या वर्षी २००३ सालची ईझी-गो टीएक्सटी जुनी घेतली. पेट्रोलवरची, २९५ सीसी, मागे दोघांची जादा सीट बसवलेली. सपाट रस्त्यावर उत्तम पळते. पण मोठ्या रस्त्याखालच्या बोगद्यातून वर येताना, किंवा घराजवळच्या चढावर, वेग एकदम पडतो. चौघं बसलो तर एकाला उतरून चालावं लागतं. प्लग आणि एअर फिल्टर नवे घातले, कार्बोरेटर साफ करणारं औषध पेट्रोलमध्ये टाकून पाहिलं. फरक नाही. एक दुकान म्हणतं दोन्ही क्लच बदला, दुसरं म्हणतं इंजिन उतरवावं लागेल. चढावर आवाज काहीतरी वेगळा येतो, पण नेमका कसा ते सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू?"

नमस्कार,

सुरुवात त्या आवाजापासूनच करा. क्लच बदला म्हणणारं दुकान बरोबर असू शकतं, इंजिन उतरवा म्हणणारंही बरोबर असू शकतं. पण चढावर इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) वाढतात की पडतात हे ऐकल्याशिवाय यातलं काहीच ठरवता येत नाही. आरपीएम चढले आणि गाडी मात्र मंदावली, तर ताकद तयार होतेय पण चाकांपर्यंत पोचत नाही. आरपीएम पडले, तर ताकदच तयार होत नाही, किंवा गाडी चुकीच्या गिअरमध्ये अडकलीय, किंवा काहीतरी तिला मागे धरून ठेवतंय. यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आणि खर्च तर फारच वेगळा. तेवढं कळेपर्यंत एकही भाग विकत घेऊ नका.

सपाटावर छान पळते म्हणजे इंजिन ठणठणीत, असा समज सर्रास होतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. जरा हिशेब करून बघा. गाडी आणि चार माणसं मिळून ६०० किलो धरू, वेग ताशी १२ मैल. सपाट डांबरी रस्त्यावर एवढं वजन याच वेगाने चालतं ठेवायला चाकांवर एक अश्वशक्तीही पुरते. आता दर दहा फुटांमागे एक फूट चढणारा रस्ता घ्या. तोच वेग टिकवायचा तर चाकांवर पाच-साडेपाच अश्वशक्ती लागते, आणि बेल्ट-क्लचमध्ये वाया जाणारी धरली तर इंजिनाला सहाच्या वर द्यावी लागते. तुमच्या इंजिनाची नवेपणीची ताकद आहे साधारण नऊ. म्हणजे इंजिन निम्म्यावर आलं तरी सपाटावर तुम्हाला पत्ता लागणार नाही, आणि पहिल्याच खऱ्या चढावर गाडी बसेल. तुमच्या इंजिनात दोन सिलिंडर आहेत. त्यातलं एक बंद पडलं की नेमकं हेच होतं. त्याकडे पुढे सविस्तर येऊ.

त्याआधी एक सावधगिरी, आणि ती गंभीरपणे घ्या. या गाडीत किल्ली चालू असताना पेडल दाबलं की स्टार्टर फिरतो आणि इंजिन सुरू होतं. तुमची बोटं बेल्टपाशी असताना एखाद्या मुलाने पेडलवर पाय ठेवला तर काय होईल ते सांगायला नको. सीट उचलून आत हात घालायचा असेल तेव्हा किल्ली काढून खिशात, आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली. चालू इंजिनाजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस नकोत. चाकं उचलायची तर जॅकवर विसंबू नका. अ‍ॅक्सलखाली स्टँड लावा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण द्या.

आता फुकटात होणाऱ्या तपासण्या. टायरची हवा पाहा. मूळ १८ इंची टायरला साधारण १८ ते २२ पीएसआय लागते, आणि दहा-बारावर आलेला टायर चढावर बरीच ताकद खातो. मागे जादा सीट बसवणाऱ्या आधीच्या मालकाने गाडी उंच करून मोठे टायरही घातलेत का, तेही बघा. १८ च्या जागी २२ इंची टायर असेल तर चाकाचा रस्त्यावरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. निव्वळ भूमितीचा परिणाम आहे हा. इंजिनात काहीही बिघाड नसतो आणि कोणत्याही दुरुस्तीने तो जात नाही. बऱ्याच गाड्यांची तक्रार टायर बदलले त्याच आठवड्यात सुरू झालेली असते, पण तो संबंध कोणी जोडत नाही.

मग ब्रेक. सपाट जागी सिलेक्टर (पुढे-मागे जाण्याची दिशा निवडायची दांडी) न्यूट्रलवर ठेवून, पार्किंग ब्रेक सोडून, गाडी एकट्याने हाताने ढकला. रिकामी कार्ट एका माणसाच्या ढकलण्याने सहज सरकायला हवी. दमछाक होत असेल तर मागची चाकं उचलून हाताने फिरवा. ब्रेकची केबल आतून गंजली, किंवा शू ड्रमला घासत राहिले, तर इंजिन बिचारं ब्रेकशीच झगडत बसतं. फेरफटक्यानंतर दोन्ही ड्रमजवळ तळहात नेऊन पाहा. एक गरम आणि एक थंड असेल तर दोषी सापडला.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित: थ्रॉटल (इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडतो का? किल्ली काढलेली ठेवून कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही कार्बोरेटरवरच्या थ्रॉटलच्या दांडीकडे बघा. ती तिच्या शेवटच्या अडणीपर्यंत जायला हवी. नंतर दांडी हाताने हलवून खात्री करा, अजून पुढे जायला वाव आहे का. पाऊण रस्त्यात थांबत असेल तर केबल ताणली गेलीय, कवचात गंजून अडकतेय, किंवा गव्हर्नरची जोडणी बिघडलीय. ईझी-गोचा गव्हर्नर मागच्या अ‍ॅक्सलवर असतो. तो गाडीचा वेग पाहून थ्रॉटल मागे ओढतो, आणि चढावर वेग पडला की त्याने आपोआप सोडून द्यायचं असतं. त्याचा दांडा किंवा केबल जड झाली तर तो सोडत नाही. तुम्ही पेडल दाबून धरता आणि थ्रॉटल अर्धाच उघडा राहतो. सपाटावर काही कळत नाही, कारण तिथे तो अर्धाच उघडा असायला हवा.

याच ठिकाणी तुम्हाला कोणीतरी गव्हर्नरची स्प्रिंग आवळायला सांगेल. ते करू नका. गव्हर्नर फक्त वरचा वेग बांधतो. चढावर नीट चालणारा गव्हर्नर आधीच बाजूला झालेला असतो, त्यामुळे स्प्रिंग आवळून चढावरची ताकद रतीभरही वाढत नाही. वाढतो तो सपाटावरचा आणि उतारावरचा वेग, आणि या गाडीला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना आहेत. चौघांना घेऊन बोगद्याकडे उतरताना ते जोखमीचं आहे.

इतकं सगळं ठीक निघालं तर चढावर चला. टाकी निम्म्याहून जास्त भरून घ्या. पेट्रोल कमी असेल तर चढावर ते टाकीत मागे सरकतं आणि नळीचं तोंड उघडं पडून भलतंच निदान होतं. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर (आरपीएम मोजणारं यंत्र) मिळतो, तो लावा. आकडा निम्मा किंवा दुप्पट दाखवत असेल तर त्याची सेटिंग बदला, पण आपल्याला अचूक आकड्याशी देणंघेणं नाही, सपाटापेक्षा चढावर तो वर जातो की खाली एवढंच हवंय. टॅकोमीटर नसेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा: आधी सपाटावर पूर्ण पेडल, मग तसंच चढावर. घरी शांतपणे ऐकलं की फरक लगेच कळतो.

चढावर आवाज चढला, इंजिन किंचाळायला लागलं आणि गाडी सरकेना, तर बेल्ट घसरतोय. जळक्या रबराचा वास बहुधा सोबत येतोच. बेल्ट काढून त्याच्या कडा पाहा. आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील, भेगा असतील, किंवा नव्या बेल्टपेक्षा रुंदी तीनेक मिलिमीटरने कमी भरत असेल, तर बदला. बेल्ट चांगला असेल तर पुलीच्या तबकड्यांवर तेल किंवा ग्रीस लागलंय का पाहा. ब्रेक क्लीनरने पुसून कोरड्या करा. इथे कुठलंही वंगण, 'बेल्ट ड्रेसिंग' नावाचा फवारा वगैरे काही मारायचं नाही. बेल्ट मात्र गाडीच्या सालाला आणि मॉडेलला नेमून दिलेलाच घ्या. लांबीत थोडासा जरी फरक असला तरी गाडीची सगळी चाल बिघडते. तुमची गाडी तुमच्याच राज्यात, ऑगस्टा शहरात बनलेली आहे. जॉर्जियात तिच्या सुट्या भागांची वानवा नाही.

आवाज खोल गेला, इंजिन घुसमटल्यासारखं झालं, आरपीएम पडले, तर पुढची चाचणी करा. ही चाचणी दोन दुकानांमधला तुमचा वाद मिटवेल. चढाच्या मध्यावर गाडी पूर्ण थांबवा. पार्किंग ब्रेक लावा, मागे कोणी नाही हे बघा, आणि तिथूनच, उभ्या जागेवरून, पूर्ण पेडल देऊन निघा.

याचा अर्थ समजायला क्लच कसा चालतो ते थोडक्यात. भारतातल्या अ‍ॅक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये जी रचना असते तीच इथे मोठ्या आकारात आहे. इंजिनावरच्या क्लचमध्ये वजनं असतात. आरपीएम वाढले की ती बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट तिथे वर चढतो. अ‍ॅक्सलवरच्या क्लचमध्ये जोरकस स्प्रिंग आणि तिरपा उतार कोरलेला कॅम असतो. त्या उतारावर प्लास्टिकची बटणं घसरतात. चढावर चाकांचा भार वाढला की हा कॅम तबकड्या पुन्हा जवळ ढकलतो, बेल्ट अ‍ॅक्सलच्या बाजूला वर चढतो, आणि गाडी आपणहून खालच्या गिअरमध्ये येते. स्प्रिंग मेली, बटणं झिजली किंवा आत धूळ आणि गंज बसला, तर हे उतरणं होत नाही. सपाटावरच्या 'टॉप गिअर'मध्येच गाडी चढाला भिडते.

म्हणून: उभ्या जागेवरून निघाल्यावर गाडी सावकाश का होईना पण जोमाने चढत असेल, आणि सपाटावरून वेगात येऊन चढाला लागल्यावर मात्र बसत असेल, तर अ‍ॅक्सलवरचा क्लच खालच्या गिअरवर येत नाही. उभ्या जागेवरूनही जीव नसेल तर क्लच सोडा, इंजिनाकडे वळा.

क्लचचा संशय आल्यास हातानेही पडताळता येतं. किल्ली काढून, बेल्ट उतरवून, अ‍ॅक्सलवरच्या क्लचची सरकती तबकडी दोन्ही हातांनी धरून पिळा. चांगल्या स्प्रिंगला हातांचा बराच जोर लागतो आणि सोडल्याबरोबर तबकडी फटकन परत बसते. ढिम्म परत येत असेल, मध्ये अडखळत असेल, खरखर लागत असेल, तर उघडून साफ करणं आणि बटणांचा संच व स्प्रिंग बदलणं एवढंच काम आहे. अख्खा क्लच बदलायची गरज तबकड्यांवर खोल चर पडले असतील किंवा आतलं बुशिंग ढिलं होऊन तबकडी डुगडुगत असेल तरच. उघडताना दोन गोष्टी: स्प्रिंग दाबाखाली असते, म्हणून लॉकिंग रिंग काढण्याआधी क्लच दाबून धरण्याची सोय करा, आणि स्प्रिंगचं टोक कुठल्या भोकात होतं त्यावर मार्करने खूण करा. भोक बदललं की स्प्रिंगचा ताण बदलतो आणि गिअर वेगळ्याच आरपीएमला पडायला लागतो.

आता इंजिन. उभ्या जागेवरून निघायची तीच चाचणी एकदा साधी करा आणि एकदा चोक (हवा अडवून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) साधारण एक तृतीयांश ओढून करा. गाडी थांबलेली असतानाच ओढायचा; चालत्या गाडीत हात घालायचा नाही. थोड्या चोकने ताकद वाढली, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. उलट आणखीच गुदमरलं आणि काळा धूर आला, तर पेट्रोल पुरेसं आहे, दोष दुसरीकडे आहे.

दुसरीकडे म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा एका सिलिंडरमध्ये. हे २९५ सीसीचं रॉबिन इंजिन दोन सिलिंडरचं आहे आणि एका सिलिंडरवरही ते सुरू होतं, सपाटावर निमूट चालतं. आवाज थोडा फुटका, थरथर थोडी जास्त, एवढाच फरक. गाडी जुनी घेतली असेल आणि मुळात कशी चालायची ते माहीत नसेल, तर हा फरक कानाला जाणवतही नाही. शोधायची सोपी रीत: चढावर पाचेक मिनिटं गाडी चालवा, थांबून लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर दोन्ही सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या मुळाशी धरा. दोन्हीकडे तापमान जवळपास सारखं हवं. एकीकडे ते पन्नास-शंभर अंश सेल्सियसने कमी असेल तर तो सिलिंडर काम करत नाही. थर्मामीटर नसेल तर दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक कोरडा आणि तपकिरी, दुसरा ओला आणि काळा, यातून तेच कळतं. प्लग नवे असले म्हणून ही पाहणी टाळू नका. नव्या प्लगवर काजळी बसायला फार दिवस लागत नाहीत.

प्लगची टोपी काढून सिलिंडर बंद करून पाहण्याची जुनी पद्धत इथे वापरायची असेल तर काढलेली टोपी हवेत लोंबकळती ठेवू नका. तिच्यात जादा प्लग खोचून तो इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ठिणगी तयार करणारे भाग, कॉइल आणि इग्नायटर, दोन्ही जाऊ शकतात. जो सिलिंडर बंद केल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच मेलेला आहे.

मेलेल्या सिलिंडरला ठिणगी मिळते का ते आधी पाहा. टोपी आतून गंजलेली, वायर टोपीत ढिली, वायरला चीर, ही स्वस्तातली कारणं आहेत आणि ती वारंवार सापडतात. टोपी स्क्रूसारखी फिरवून काढा, वायरचं टोक पाऊण सेंटिमीटर कापून नवी टोपी बसवा. ठिणगी दणदणीत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. दोन्ही प्लग काढून, दोन्ही टोप्यांत प्लग खोचून ते इंजिनाच्या धातूला टेकवून, सिलेक्टर न्यूट्रलवर ठेवून, पेडल तळापर्यंत दाबून पाच-सहा सेकंद स्टार्टर फिरवा. पेडल दाबल्याने थ्रॉटल आपोआप उघडाच राहतो, ते सोयीचंच आहे. प्लगच्या भोकांपाशी पेट्रोलची वाफ येते, म्हणून आसपास ठिणगी, सिगारेट काहीही नको. इथे मिळणाऱ्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. तो दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा मोठा असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर गेला तर पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

आणि व्हॉल्व्ह असेल तर घाबरून इंजिन उतरवायला देण्याआधी फटी मोजा. या इंजिनात थंड असताना व्हॉल्व्हची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांड्यातली मोकळी जागा) साधारण ०.१० मिलिमीटर असते. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून घ्या. वर्षानुवर्षं चालून व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल जातो, फट आकसते, शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. कॉम्प्रेशन कमी असलेल्या बऱ्याच इंजिनांना पाना, स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि नवं व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट एवढ्यावर जीवदान मिळतं. मात्र फट आकसलेल्या अवस्थेत गाडी तशीच दामटली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि मग हेड उतरवण्याला पर्याय राहत नाही. म्हणून हे काम लांबवू नका. या इंजिनात टायमिंग बेल्टही आहे. दोन्ही सिलिंडर सारखेच अशक्त निघाले तर तो एखादा दात सरकलाय का, हे खुणा जुळवून पाहायला हवं.

थोड्या चोकने ताकद वाढली असेल तर पेट्रोलची वाट तपासायची. इथे लक्षणाचं वेळापत्रक उपयोगी पडतं. चढाची पहिली पंधरा-वीस सेकंद गाडी नीट ओढते, मग अडखळते, आणि मिनिटभर थांबवली की पुन्हा तेवढाच वेळ चालते, असं असेल तर कार्बोरेटरचा वाडगा (त्यातली पेट्रोल साठवणारी वाटी) रिकामा होतोय. मागून पेट्रोल पुरेशा वेगाने येत नाही. चढाला लागल्याक्षणीच अशक्त असेल तर कार्बोरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक असलेला तुकडा) अर्धवट बुजलाय.

पुरवठा कमी पडत असेल तर टाकीच्या झाकणापासून सुरुवात करा. गाडी अडखळली की झाकण सैल करा. सुस्कारा ऐकू आला आणि गाडी सुधारली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. तुमच्या भागात कुंभारीण माशी अशा भोकांमध्ये मातीचं घर बांधते. सायलेन्सरच्या तोंडातही बांधते, आणि बुजलेला सायलेन्सरही चढावरची ताकद मारतो. तेही टॉर्च लावून पाहून घ्या.

मग फिल्टर. पेट्रोलचा फिल्टर बदललाय असं पत्रात नाही, तो बदला. बाण पेट्रोल वाहण्याच्या दिशेने. सोबत नळ्याही. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये साधारणपणे १० टक्के इथेनॉल असतं आणि ते वीस वर्षांपूर्वीच्या रबराला कडक आणि भेगाळ करतं. इथे एक फसवी गोष्ट आहे: टाकी ते पंप ही नळी ओढणाऱ्या बाजूची आहे. तिला चीर पडली तर पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, बाहेरची हवा आत जाते. खाली डाग नाही म्हणून नळी चांगली असं समजू नका. तपासायला पंपाच्या अलीकडे तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. बुडबुडे दिसले तर वरच्या बाजूला कुठेतरी हवा शिरतेय.

पंप इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या चढउतारावर चालतो. त्यासाठी क्रँककेसपासून एक बारीक नळी येते. ती चिरली, ढिली झाली किंवा तेलाने भरली, तर पंपाचा पडदा पुरेसा हलत नाही. सुरुवातीला पेट्रोल येतं, पण पूर्ण थ्रॉटलला पुरत नाही. नळी काढून साफ करा. पंपाची परीक्षा: इंजिन थंड असताना कार्बोरेटरकडची नळी काढून झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत घट्ट खोचा, प्लगच्या टोप्या वर सांगितल्याप्रमाणे इंजिनाला टेकवलेल्या ठेवा, आणि दहा सेकंद स्टार्टर फिरवा. ठोक्याठोक्याने जोरदार पिचकारी यायला हवी. ठिबकत असेल तर पंप बदला. हे काम उघड्यावर करा, अग्निशामक हाताशी ठेवून.

कार्बोरेटरबद्दल: टाकीत टाकायच्या औषधाने वाळून चिकटलेला थर निघत नाही, त्यामुळे तुम्हाला फरक दिसला नाही यात नवल नाही. कार्बोरेटर उतरवून खालचा वाडगा उघडा, मुख्य जेट काढून उजेडात धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. जेटच्या वरची भोकं भोकं असलेली नळीही काढा. ती बुजलेली असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा, एवढंच वापरा. तार घालून खरवडलं की भोक मोठं होतं आणि नवाच दोष जन्माला येतो. टाकीतलं पेट्रोल दोन-तीन महिन्यांहून जुनं असेल तर आधी ते काढून टाका, नाहीतर साफ केलेला जेट पुन्हा बुजेल.

एअर फिल्टर नवा घातलात, पण तो आता उघडून बघा. तेलकट झाला असेल तर इंजिनात ऑइल जास्त भरलंय. या इंजिनाला साधारण दीड क्वार्ट लागतं, आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे गेलं की ते श्वासनळीवाटे (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) थेट फिल्टरमध्ये येतं. फिल्टर गुदमरला की चढावर पहिला फटका बसतो.

आणि समजा सगळंच निर्दोष निघालं: दोन्ही सिलिंडर जिवंत, बेल्ट नवा, क्लच मोकळा, थ्रॉटल पूर्ण उघडतो. तर लक्षात घ्या, ही गाडी मुळात दोन माणसं आणि दोन गोल्फच्या थैल्यांसाठी बनवलेली आहे. चौघांना घेऊन चढ चढायचे तर अ‍ॅक्सलवरच्या क्लचला थोडी जास्त कडक स्प्रिंग बसवून घ्या. तिने गाडी खालच्या गिअरवर लवकर येते. इंजिनाची ताकद वाढत नाही, पण आहे ती नीट लागते. टायर मोठे असतील तर स्प्रिंगआधी १८ इंचींवर परत या.

हे करूनही अडलं तर पुन्हा लिहा, पण तेव्हा सोबत एवढं कळवा: सपाटावरचे आणि चढावरचे आरपीएम, उभ्या जागेवरून निघताना गाडी कशी वागली, थोड्या चोकने फरक पडला का, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, आणि टायरच्या बाजूवर छापलेला आकार.